पेल्यातले उष्मांक आणि ताटातली भाकरी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटेचे साडेतीन वाजले असतील. आमच्या दवाखान्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या काकूंचा दूरध्वनी आला. "डॉक्टर, हे घामानं भिजलेत, काहीतरी असंबद्ध बोलताहेत. संध्याकाळी घेतली होती. मला वाटलं चढली असेल, झोपले की उतरेल. दोन तास तशीच उशाशी बसून राहिले. पण हे लक्षण काही बरं दिसत नाही."

मी पोहोचलो तेव्हा काका पलंगावर अर्धवट उठून बसले होते. अंगातला सदरा ओला, हात थरथरत होते, शब्द जड होते आणि समोर कोण उभे आहे हे त्यांना उमगत नव्हते. तोंडाला दारूचा वास होता. एखाद्या अनोळखी माणसाने पाहिले असते तर त्यानेही तेच अनुमान काढले असते, जे काकूंनी काढले. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. यंत्रावर आकडा आला ४१. गिळता येत होते, हे नशीब. ग्लुकोजचे पाणी घोटाघोटाने पाजले. वीसएक मिनिटांत काकांनी मला ओळखले आणि पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, तुम्ही इथे कसे?" साखर वर आली होती, तरीही त्यांना तसेच रुग्णालयात हलवले, कारण मधुमेहाची जी गोळी ते घेत होते, तिचा अंमल पुष्कळ तास टिकतो आणि चढलेली साखर पुन्हा उतरू शकते.

या घटनेमागचे कारण ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. काका वजन कमी करत होते.

काकांचे वय ६८. गुडघ्यांची झीज झालेली. शस्त्रक्रियेपूर्वी आठ किलो वजन उतरवा, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी बजावले होते. त्यात वावगे काही नव्हते. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काकांनी मनावर घेतले. आठवड्यातून चार संध्याकाळी ते लिंबाच्या गोड शीतपेयात रम मिसळून घेत असत. अमेरिकेतल्या मुलाने भ्रमणध्वनीवर कमी उष्मांकांच्या कॉकटेलच्या कृती धाडल्या. त्यांतली जिन, बिनसाखरेचे टॉनिक वॉटर आणि लिंबाची चकती ही कृती काकांना पसंत पडली. चिवड्याची वाटी बंद झाली. आणि पेल्यातल्या उष्मांकांची भरपाई म्हणून त्या संध्याकाळी भाकरीही बंद झाली. काकडी आणि टोमॅटोचे सार एवढ्यावर जेवण आटोपू लागले. पाच आठवड्यांत तीन किलो उतरले होते. वहीत दररोजचा आकडा टिपून ठेवला होता. ती वही त्यांनी मला नंतर मोठ्या अभिमानाने दाखवली.

मद्याविषयी लिहिताना माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. मद्याचे आरोग्याला अपाय न करणारे असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये नि:संदिग्ध शब्दांत सांगितले आहे. कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्य १९८८ पासून आहे. जे घेत नाहीत त्यांनी हृदयासाठी, झोपेसाठी किंवा भुकेसाठी म्हणून ते सुरू करण्याचे काहीएक कारण नाही. परंतु आमच्या पिढीतले डॉक्टर 'सोडा' एवढा एकच शब्द उच्चारून विषय संपवतात आणि मग रुग्ण आम्हाला काही सांगेनासा होतो. वजन उतरवण्याचा सल्ला आम्ही देतो; पेल्याचे काय करायचे ते मात्र मुलगा, शेजारी आणि भ्रमणध्वनी सांगतात. काकांच्या घरी घडले ते याच मौनातून. म्हणून ज्या घरात पेला आहे, त्या घरासाठी हा लेख.

पेग म्हणजे नेमका केवढा?

मद्यार्कात उष्मांक असतात, हेच मुळी अनेकांच्या गावी नसते. एक ग्रॅम साखर किंवा पीठ चार उष्मांक देते, एक ग्रॅम तेल-तूप नऊ, आणि एक ग्रॅम मद्यार्क सात. म्हणजे मद्य हे साखरेपेक्षा तुपाला अधिक जवळचे. बिस्किटाच्या पुड्यावर उष्मांकांचा तक्ता असतो. बाटलीवर तो सहसा नसतो. तेव्हा हिशेब आपणच करायला हवा, आणि तो अवघड नाही.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, जिन, व्होडका, ब्रँडी या बहुतेक बाटल्यांवर मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असे छापलेले आढळते. ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये त्यामुळे सुमारे १० ग्रॅम मद्यार्क जातो, अर्थात ७० उष्मांक. मोठा पेग ६० मिलिलिटरचा, त्याचे १४०. रंग कोणताही असो, आकडा तोच. 'पांढरी दारू हलकी असते' म्हणून रम सोडून जिनकडे वळणाऱ्याच्या पदरी या बाबतीत काहीच पडत नाही. ७५० मिलिलिटरची बाटली म्हणजे २५ लहान पेग, एकूण साडेसतराशे उष्मांक. वजन उतरवू पाहणाऱ्या अनेक ज्येष्ठांचा दिवसभराचा आहार साधारण एवढाच असतो.

आता प्रश्न येतो हाताच्या मापाचा. काकांना मी विचारले, "किती घेता?" उत्तर ठरलेले होते, "दोनच." दवाखान्यात त्यांच्यापुढे पाण्याची बाटली आणि काचेचा पेला ठेवला आणि म्हटले, "रोजच्यासारखा भरा." त्यांनी भरलेले पाणी मी खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या मापाने मोजले. ७५ मिलिलिटर भरले. म्हणजे काकांचे दोन हे प्रत्यक्षात पाच लहान पेग होते आणि त्यांचे उष्मांक ३५०. काकू बाजूला बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही.

रुग्णाला 'किती घेता' हे विचारण्याऐवजी मी अलीकडे 'एक बाटली किती दिवस पुरते' असे विचारतो. उत्तर बहुधा खरे येते. काकांची आठ-नऊ दिवस पुरत होती. आपणही आपल्या घरात हा भागाकार करून पाहावा.

बीअर हलकी, हा आणखी एक गोड गैरसमज. पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत मद्यार्काचे आणि धान्यातल्या पिष्टाचे मिळून अडीचशेहून अधिक उष्मांक भरतात. 'स्ट्राँग' म्हणून मिळणाऱ्या बीअरचे त्याहून बरेच जास्त. कोरड्या चवीच्या वाइनचे १०० मिलिलिटरमागे सुमारे ८०. गोड पोर्टचे अधिक. गोव्यात आणि तळकोकणात काजूच्या हंगामात, मार्च ते मेच्या सुमारास, हुर्राक येते. ती फेणीपेक्षा सौम्य असते हे खरे, पण ती बहुधा सुटी मिळते, तिच्यावर कोणताही आकडा छापलेला नसतो आणि लिंबाच्या गोड शीतपेयात मिरची चिरून ती पाण्यासारखी प्यायली जाते.

मिसळण्याच्या वस्तूंत खरोखर बचत होते, हे मान्य करायला हवे. २०० मिलिलिटर गोड शीतपेयात ८० ते ९० उष्मांक असतात. साधे टॉनिक वॉटर कडसर लागले तरी त्यातही साखर असते, हे अनेकांना ठाऊक नसते. पेटीबंद फळांचे रस, गुलाबाचे किंवा खसचे सरबत, नारळाचे दाट दूध घातलेली कॉकटेले यांविषयी काय बोलावे! उपाहारगृहातल्या अननस-नारळाच्या एका कॉकटेलात एका जेवणाइतके उष्मांक सहज असू शकतात. साधा सोडा, पाणी, लिंबाचा रस यांत जवळजवळ काहीच नाही. दोन पेल्यांतले गोड शीतपेय वगळून काकांनी सुमारे १७० उष्मांक वाचवले. चिवड्याची वाटी टाळून अडीचशे. इथवर त्यांचे आणि त्यांच्या मुलाचे अगदी बरोबर होते.

भाकरी का वगळू नये

घोटाळा झाला तो पुढच्या पायरीवर. पेल्यातले ३५० उष्मांक तसेच ठेवून काकांनी ते ताटातून वजा केले.

आपल्या यकृताकडे दोन कामे असतात. जेवण आणि जेवण यांच्यामधल्या काळात, विशेषतः रात्री, रक्तात साखर सोडत राहणे हे एक. मद्यार्काचा निचरा करणे हे दुसरे. मद्यार्क आला की यकृत त्याला अग्रक्रम देते आणि नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते. एका लहान पेगचा निचरा व्हायला साधारण तास-सव्वा तास लागतो. पाच पेग म्हणजे जवळजवळ संपूर्ण रात्र. पोटात भाकरी असेल तर तिची साखर हळूहळू रक्तात उतरत राहते आणि वेळ निभावते. काकांच्या पोटात काकडी होती. त्यात जेवणाआधीची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांनी नियमाप्रमाणे घेतली होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग माणूस जेवलेला असो की उपाशी. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड आणि अर्थातच इन्सुलिनची सुई यांचीही गत हीच. पूर्वीच्या गोड शीतपेयातली साखर वजनासाठी वाईट होती. परंतु तीच काकांना त्या गोळीपासून थोडेबहुत सांभाळत होती. तीही गेली, भाकरीही गेली आणि पहाटे साखर ४१ वर आली.

आणखी एक बारकावा. बिनसाखरेच्या पेयात मिसळलेले मद्य जठरातून लवकर पुढे सरकते आणि रक्तात अधिक वेगाने चढते. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेड येथील संशोधकांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवले होते. म्हणजे कमी उष्मांकांचे कॉकटेल हे कमी चढणारे कॉकटेल नव्हे. तेवढ्याच मद्याने ते उलट अधिक चढू शकते. त्यातही वयपरत्वे शरीरातले पाणी कमी होते, मद्यार्क मिसळायला जागा कमी उरते आणि चाळिशीत जो पेग पचत असे, तोच सत्तरीत तोल घालवतो. रात्री लघवीसाठी उठणे, अंधार, ओली फरशी आणि हा तोल यांचा मेळ जमला की खुब्याचे हाड मोडते. खुब्याच्या अस्थिभंगानंतर कायमचे अंथरूण धरलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींच्या त्या रात्रीच्या हकिकतीत 'थोडीशी घेतली होती' हे वाक्य फार उशिरा आले.

वजनाच्या दृष्टीनेही ताट रिकामे ठेवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. साठीनंतर उपाशी राहून जे वजन उतरते, त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात. गुडघ्याला आधार देणारे मांडीचे स्नायू त्यातच आले. मद्यार्कातून उष्मांक मिळतात, पण प्रथिने नाहीत. शिवाय शरीर मद्यार्क आधी जाळते आणि साठवलेली चरबी जाळण्याचे काम तेवढ्या वेळापुरते बाजूला पडते. काकांचे तीन किलो कशाचे उतरले होते, हे वजनकाटा सांगू शकत नव्हता. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येईना, हे मात्र त्यांनीच मला सांगितले.

मग काय करावे?

पेल्याचे प्रमाण घटवावे आणि ताट सांभाळावे. काकांचा हिशेबच घेऊ. आठवड्याला त्यांचे २० लहान पेग होत होते, १४०० उष्मांकांचे. ते आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन लहान पेगांवर आले असते तर ४२० झाले असते. उरलेल्या ९८० उष्मांकांच्या बचतीने, भाकरीला हात न लावता, दोन महिन्यांत सुमारे एक किलो वजन उतरते. गोड शीतपेय आणि चिवडा टाळल्याचा लाभ वेगळा. गती संथ आहे, पण या वयात संथ गतीच बरी.

ज्यांना डॉक्टरांनी मद्य पूर्ण वर्ज्य सांगितलेले नाही, त्यांच्यासाठी काही कृती सांगतो. प्रत्येकात मद्य ३० मिलिलिटरच, आणि तेही मापाने. बाजारात त्यासाठी खास माप मिळते. नाहीतर औषधाच्या बाटलीवरचे प्लॅस्टिकचे माप स्वच्छ धुऊन वापरावे. मी तेच वापरायला सांगतो. ते हातात घेतले की आपण काय मोजतो आहोत याचे भान आपोआप राहते.

पुदिन्याची आठ-दहा पाने तळहातावर चुरगाळून उंच पेल्यात टाकावीत. त्यावर अर्ध्या लिंबाचा रस, किसलेल्या आल्याचे चार थेंब पाणी, पांढरी रम किंवा फेणी ३० मिलिलिटर, भरपूर बर्फ आणि पेला भरेपर्यंत सोडा. हे ७५ ते ८० उष्मांकांत होते. उपाहारगृहात मिळणाऱ्या याच जातीच्या पेयात मोठा पेग आणि साखरेचा पाक असतो, त्यामुळे आकडा दुपटीच्या पुढे जातो. आल्याने गोडव्याची उणीव भासत नाही, हा माझ्या एका रुग्णाच्या सुनेचा शोध; श्रेय तिचे.

कोकमप्रेमींनी आगळ आणि अमृत कोकम यांतला भेद ध्यानात ठेवावा. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. आगळात साखर नसते, मीठ असते. चहाचा एक चमचा आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, सोडा आणि हवे तर ३० मिलिलिटर जिन. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी आगळाचे प्रमाण चमच्यापलीकडे नेऊ नये आणि पेल्याच्या कडेला मीठ लावण्याचा शौक टाळावा. खरे सांगायचे तर हे पेय जिनेवाचूनही तितकेच चांगले लागते. पाहुण्यांच्या पंगतीत काकांच्या हाती हाच पेला असतो आणि त्यात काय आहे, काय नाही, हे कोणी विचारत नाही.

वाइन आवडत असेल तर कोरडी वाइन १०० मिलिलिटर, तेवढाच सोडा, संत्र्याची एक फोड. पेला मोठा दिसतो, वेळ पुरतो, उष्मांक ८० च्या आसपास राहतात. घरी वाटून गाळलेला टोमॅटोचा रस, मिरपूड, लिंबू आणि ३० मिलिलिटर व्होडका हे शंभरच्या आत बसते. पेटीबंद रसात मीठ फार असते, म्हणून घरचाच घ्यावा.

बिनसाखरेच्या टॉनिकचा अधूनमधून उपयोग करायला माझी हरकत नाही. परंतु कृत्रिम गोडीच्या आधाराने वजन दीर्घकाळ ताब्यात राहते, असे जागतिक आरोग्य संघटनेलाही वाटत नाही. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तिने वजन नियंत्रणासाठी ती वापरू नये, असेच सुचवले आहे. लिंबू-सोड्याने काम भागते.

शहाळ्याच्या पाण्याविषयी दोन शब्द. ते हलके, थोड्या उष्मांकांचे, म्हणून अलीकडे व्होडकात मिसळले जाते. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते नको. तीच गोष्ट ग्रेपफ्रूटची आणि आपल्या पपनसाची. कमी उष्मांकांच्या कृतींत त्यांचा रस वारंवार आढळतो. अटोर्वास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉलच्या आणि निफेडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रक्तातली पातळी या रसाने वाढते.

पेल्याबरोबर काय खावे? माझा आग्रह असा की चखणाच नको, जेवण हवे. आपल्याकडची रीत आधी पेला, मग फरसाण, मग दहा-साडेदहाला जेवण, अशी. तोवर मूठभर शेंगदाण्यांचे पावणेदोनशे आणि फरसाणाचे अडीचशे उष्मांक पोटात गेलेले असतात आणि मद्याने भूकही चाळवलेली असते. त्यापेक्षा साडेसातला पान वाढावे. ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, मांसाहारी असाल तर भाजलेला मासा किंवा उकडलेले अंडे. आणि ताटाशेजारी तो एक पेला. पान संपले की पेलाही संपला. काकूंना ही योजना एवढी पटली की 'आधी का नाही सांगितलंत' म्हणून त्या माझ्यावरच रागावल्या.

गोळ्या आणि पेला

मधुमेहाच्या गोळ्यांविषयी वर आलेच. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या, मज्जातंतूंच्या वेदनांसाठी दिली जाणारी प्रिगॅबलिन किंवा गॅबापेंटिन, ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामके यांच्याबरोबर मद्य नकोच. ग्लानी दुणावते, श्वास मंदावतो. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक चालू असेल तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. वॉरफेरिन घेणाऱ्यांच्या रक्ताच्या पातळीत चढउतार होतात. यकृताचा विकार, स्वादुपिंडाचा दाह, वाढलेले ट्रायग्लिसराइड, फिट्स, स्मृतिभ्रंश, वारंवार पडणे, आणि पूर्वी व्यसन होऊन सुटलेले असणे, यांपैकी काहीही असेल तर ३० मिलिलिटरही नाही. वरच्या कृती मद्याविना करून पाहाव्यात.

एक चूक फार आढळते. 'दारू आणि गोळी एकत्र नको' म्हणून बैठकीच्या संध्याकाळी रक्तदाबाची गोळीच वगळली जाते. मद्याने रक्तदाब वाढतो. त्याच रात्री गोळी नसते. असे करू नका. आणि आपल्या मनाने मधुमेहाची गोळीही वगळू नका. जे घेता ते डॉक्टरांना सांगा, गोळी कोणती, केव्हा, किती, हे त्यांना ठरवू द्या. काकांची ग्लिमेपिराइड आम्ही बंद केली आणि साखर पटकन न उतरवणारे दुसरे औषध दिले. ते आधीच करता आले असते. मला ठाऊक असते तर.

घरच्या माणसांसाठी

मद्य घेतलेला मधुमेही माणूस घामाघूम झाला, थरथरू लागला, अडखळू लागला, चिडचिड करू लागला किंवा नीट जागा होईना, तर 'चढली आहे' असे मानून त्याला झोपू देऊ नका. ही लक्षणे साखर उतरल्याचीही असतात आणि तोंडाच्या वासावरून दोहोंतला फरक कळत नाही. यंत्राने साखर पाहा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तरी शुद्धीवर असून गिळता येत असल्यास चहाचे तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर पुन्हा द्या. बरे वाटताच भाकरी, पोळी, भात, असे काहीतरी खाऊ घाला आणि डॉक्टरांना कळवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका; एका कुशीवर वळवा आणि १०८ ला दूरध्वनी करा. साखर उतरणे घेतल्यानंतर लगेच होईल असे नाही. पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही होते. त्या रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा साखर पाहणे शहाणपणाचे.

गोळ्यांच्या पाकिटावर 'व्होग्लिबोज' किंवा 'अकार्बोज' हे नाव आहे का, तेही वाचून ठेवा. मधुमेहाच्या अनेक एकत्रित गोळ्यांत ते असते. अशा रुग्णाला घरातली साखर दिली तर ती लवकर पचत नाही आणि मोलाची मिनिटे जातात. ग्लुकोजची पूडच लागते. तिचा डबा घरात असू द्या आणि तो कुठे आहे हे घरातल्या शाळकरी नातवंडांनाही माहीत असू द्या.

वजनाचे निमित्त करून बाटली लपवण्याचा किंवा मोरीत ओतून देण्याचा मोह अनेक घरांत होतो. रोज बरीच घेणाऱ्या माणसाचे मद्य एकाएकी तोडले तर दोन-तीन दिवसांत कंप, घाम, भास, फिट्स येऊ शकतात. ज्येष्ठांत हे जिवावर बेतते. सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावर थांबतात, असे दिसत असेल तर हा विषय कॉकटेलच्या कृतींचा राहिलेला नाही. बाटलीला हात लावण्यापूर्वी त्यांना दवाखान्यात घेऊन या.

काका सध्या आठवड्यातून दोन संध्याकाळी एकेक लहान पेग घेतात, भाकरीबरोबर. सकाळी खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम करतात. वजन आणखी तीन किलो उतरले आहे आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आहे; तिच्या आधी काही आठवडे पेला पूर्ण बंद, हेही त्यांनी वहीत लिहून घेतले आहे. परवा रक्तदाब तपासायला आले तेव्हा जाता जाता दारात थांबले. म्हणाले, "डॉक्टर, ते खोकल्याच्या औषधाचं माप फुटलं. दुसरं आहे का?" मी खणातून एक काढून दिले. काकूंनी ते त्यांच्या हातातून घेतले आणि आपल्या पिशवीत टाकले.